कंपनीत 'इनोव्हेशन स्ट्रॅटेजी' आलीये... तुमच्याकडे प्रत्यक्षात कसं चालतं?

चाकणचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

मी चाकण एमआयडीसीतल्या एका ऑटो कंपोनंट कंपनीत प्रॉडक्ट इंजिनिअरिंगला आहे. नाव सांगत नाही, टियर-टू समजा, म्हणजे गाडी कंपन्यांच्या सप्लायरांना माल देणारे. गिअर, शाफ्ट, थोडे इंजिनचे मशिनिंगचे पार्ट असा धंदा. थोरल्या साहेबांनी भोसरीच्या गाळ्यातून उभी केलेली कंपनी, आता त्यांचा मुलगा बघतो, बाहेर शिकून आलाय, हुशार आहे, मनाने चांगला आहे. ईव्ही वाढल्या की आपल्या निम्म्या पार्टांचं काय होणार ही त्याची चिंता अगदी रास्त आहे.

तर आमच्याकडे कन्सल्टंट येऊन गेले. भलंमोठं पीपीटी, त्यात फनेल, त्यात तीन रंगांचे पट्टे, आजचा धंदा उद्याचा धंदा परवाचा धंदा वगैरे. मग "इनोव्हेशन सेल" स्थापन झाला. सेलमध्ये आम्ही पाच जण, आणि पाचही जणांची आधीची कामं जशीच्या तशी अंगावर. कँटीनच्या दाराशी आयडियांची पेटी लागली. माझ्या केआरएमध्ये (वर्षभराच्या कामाच्या उद्दिष्टांत) "वर्षाला १२ आयडिया" असं लिहून आलंय, म्हणजे दर महिन्याला एक, एलपीजी सिलिंडरसारखी.

आता मला या तिमाहीच्या शेवटी एक आराखडा द्यायचाय. पुस्तकी माहिती नकोय, ती पीपीटीत आहे. मला विचारायचंय की कंपन्या हे प्रत्यक्षात कसं करतात? पैसे कुठून येतात, माणसं कोणाची घेतात, आणि एखादं काम चालत नाहीये तर ते बंद कोण करतं? कारण आमच्याकडे बंद काहीच होत नाही, नुसतं मागे पडत जातं.

---

टूलरूमवाला

स्वागत. पेटीवरून आठवलं.

आमच्याकडे एका ऑपरेटरने फिक्स्चरवर एक छोटी पिन वेल्ड करून घेतली, खर्च म्हणाल तर चहापाण्याएवढा. पार्ट उलटा बसायचाच बंद झाला. त्या एका पिनेमुळे त्या लाइनचं रिजेक्शन जवळपास संपलं. त्याचा फोटो काढला, लॅमिनेट केला, गेटपाशी लावला, शाल श्रीफळ झालं. छान. पुढे तोच माणूस म्हणाला, साहेब या पार्टला हा खांदा कशाला आहे, हा काढला तर एक आख्खं ऑपरेशन वाचतं. बरोबरच होतं त्याचं. पण ड्रॉइंग कस्टमरचं. बदल करायचा म्हणजे त्यांच्याकडे रिक्वेस्ट टाका, त्यांचा डिझाइनवाला बेंगळुरूला, मग टेस्टिंग, मग परत पीपॅप (पार्टची नव्याने मंजुरी), आणि तोपर्यंत त्यांचा परचेसवाला विचारणार, वाचलेल्या पैशातले आम्हाला किती? फाइल आजही पेंडिंग असेल.

मुद्दा काय, तुमच्या आराखड्यात पहिलं पान हे हवं की आपल्या हातात नक्की काय आहे. प्रोसेस आपली, ड्रॉइंग त्यांचं. जोवर दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर माल बनवताय तोवर इनोव्हेशन म्हणजे सायकल टाइम, टूल लाइफ आणि स्क्रॅप. ते वाईट नाही, त्यावरच आपली घरं चालतात, पण ईव्हीवरचा उतारा तो नव्हे.

---

हिंजवडीचा_हमाल

आमच्याकडे यासाठी हॅकेथॉन असते. शनिवारी. पिझ्झा असतो. जिंकणाऱ्या टीमचा फोटो लिंक्डइनवर जातो आणि सोमवारी सगळे क्लायंटच्या तक्रारींच्या तिकिटांवर परत. प्रोटोटाइप कुठल्यातरी सर्व्हरवर पडून असतो, मग सर्व्हरचं बिल कोण भरणार यावर मेलामेली होते आणि तो सर्व्हरही बंद. तेवढा निर्णय मात्र पटकन होतो.

---

मृण्मयी_क

चांगला विषय. मी बरीच वर्षं प्लॅनिंगमध्ये होते (ऑटो नाही, केमिकल), म्हणून थोडं लांबलचक लिहिते.

वेळ मोकळा करण्याचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उदाहरण थ्रीएम या अमेरिकन कंपनीचं. १५ टक्के वेळ आपल्या मनाच्या कामाला, हा त्यांचा नियम १९४८ पासूनचा. पण लोक नियम तेवढा उचलतात, त्यामागची गोष्ट सोडून देतात. रिचर्ड ड्रू हा त्यांचा माणूस सँडपेपर तपासायला गाड्यांच्या पेंटशॉपमध्ये जायचा. तेव्हा दोन रंगांच्या गाड्यांची फॅशन होती आणि रंगारी दोन रंगांची हद्द झाकायला जो कागद चिकटवायचे तो काढताना रंगही उपटून यायचा. ड्रूने ते बघितलं आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप आली. मधे त्याला वरून सांगितलं होतं की हे सोड आणि सँडपेपरकडे बघ. तो बधला नाही. असं सांगतात की त्याला १०० डॉलरपर्यंतची खरेदी स्वतःच्या सहीने करता यायची, तर त्याने ९९-९९ डॉलरच्या ऑर्डरी टाकून मशीन मिळवलं. त्याला थांबवणारे मॅकनाइट पुढे कंपनीचे सर्वेसर्वा झाले आणि हे १५ टक्केवालं धोरण त्यांच्याच काळातलं. म्हणजे आधी माणसाने चोरून करून दाखवलं, मग कंपनीने त्या चोरीला परवानगी दिली.

पोस्ट-इटचंही तसंच. थ्रीएमच्याच सिल्व्हर या शास्त्रज्ञाचा तो धड न चिकटणारा गोंद १९६८ चा, त्याचा उपयोग फ्राय या सहकाऱ्याला सुचला १९७४ मध्ये, आणि अमेरिकाभर बाजारात आलं १९८०. बारा वर्षं! कुठल्या तिमाहीच्या डॅशबोर्डवर हे हिरवं दिसलं असतं?

पण दुसरी बाजूही होती. थ्रीएम वरून एक आकडा मागायची, की विक्रीचा अमुक टक्का गेल्या चार-पाच वर्षांत आलेल्या मालातून यायला हवा. आधी २५ टक्के होता, मग ३० केला. म्हणजे खाली मोकळीक आणि वर हिशेब. आपल्याकडे नेमकं उलटं करतात, खालच्या माणसाकडून आयडियांचा आकडा मागतात आणि वरच्याकडून काहीच नाही. पाहुणे, तुमच्या केआरएतल्या त्या १२ आयडिया थेट तुमच्या एमडींच्या केआरएत "नव्या मालातून किती विक्री" म्हणून टाकता आल्या तर बघा. गंमत करत नाहीये.

---

सिग्मा_काका

मृण्मयीताई, थ्रीएमची पुढची गोष्ट राहिली. २००१ मध्ये जीईतून मॅकनर्नी तिथे प्रमुख म्हणून आले, त्यांनी सगळीकडे सिक्स सिग्मा (कामातला फरक आणि चुका मोजून कमी करायची पद्धत) लावलं. कारखान्यात फायदा झाला, नफा सुधारला, पण तेच तक्ते लॅबमध्येही नेले. अजून सुचलेलंच नाही त्याची बाजारपेठ किती, तारीख काय, असले प्रश्न. २००५ मध्ये ते बोइंगला गेले आणि नंतर आलेल्या बकली यांनी संशोधनाचा भाग त्यातून बराचसा मोकळा केला.

मी स्वतः सिक्स सिग्माचा ब्लॅक बेल्ट आहे म्हणून हक्काने सांगतो. आमची सगळी हत्यारं फरक कमी करायला आहेत. नवीन काही शोधायचं तर आधी फरक वाढवावा लागतो. चाकण-तळेगाव पट्ट्यात क्वालिटीच्याच माणसाला इनोव्हेशनचा हेड करायची पद्धत आहे, कारण त्याला फॉर्म बनवता येतात.

---

लेखापाल_नाना

मी सीए आहे, इंजिनिअरांच्या भांडणात पडत नाही, पण पैसे कुठून येतात असं विचारलंय म्हणून.

आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांत "आरअँडडी सेंटर" ही पाटी इन्कम टॅक्सच्या कलम ३५(२एबी) मुळे लागली. डीएसआयआर या केंद्राच्या संशोधन विभागाकडून इन-हाउस आरअँडडीची मान्यता घेतली की त्या खर्चावर जादा वजावट मिळायची. ३१ मार्च २०१७ पर्यंत २०० टक्के होती, म्हणजे शंभर खर्चा, दोनशे वजा करा. मग तीन वर्षं १५० आणि एप्रिल २०२० पासून सरळ १००, म्हणजे जादा असं काहीच नाही. त्या काळात मी अशा फाइली पाहिल्यात की ज्या माणसाने आयुष्यात प्रयोग केला नाही त्याचा पगार आरअँडडीत आणि टेस्ट रिगवर रोज प्रॉडक्शनचाच माल. वजावट गेली तशा काही पाट्याही उतरल्या. ज्यांनी खरंच लॅब केली होती त्यांच्या टिकल्या.

देशाचा एकूण आरअँडडी खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के, त्यात खासगी कंपन्यांचा वाटा साधारण ३६ टक्केच. कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास आणि तिथे बहुतेक पैसा कंपन्यांचाच. जुलै २०२५ मध्ये केंद्राने संशोधनासाठी एक लाख कोटींच्या आरडीआय योजनेला मंजुरी दिली, ते दीर्घ मुदतीचं स्वस्त कर्ज किंवा भागभांडवल अशा रूपात आहे. टियर-टू गिअरवाल्यापर्यंत त्यातलं काय पोचणार ते देव जाणे. त्यामुळे पाहुणे, तुमचे पैसे तुमच्याच नफ्यातून यायचेत असं धरून चाला, आणि त्याचं बजेट हेड वेगळं करा. मेंटेनन्सच्या हेडखाली ठेवलंत तर फेब्रुवारीत पहिली कात्री त्यालाच.

---

श्टुटगार्टकर

इथली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जर्मनीत १९५७ पासून कायदा आहे, नोकरीत असताना काही शोध लागला तर कंपनीला लेखी कळवायचा. कंपनीने ठेवून घेतला तर शोधकर्त्याला त्याचा मोबदला द्यावाच लागतो, पगाराव्यतिरिक्त, आणि तो कसा काढायचा याची सूत्रंही ठरलेली आहेत. त्यामुळे शेजारच्या टेबलावरचा ढिम्म दिसणारा म्हातारा कधीकाळच्या एका व्हॉल्व्हवर अजून पैसे घेतोय असं कळतं.

भारतात पेटंटवर शोधकर्त्याचं नाव लागतं, पण पैशाचं काय ते अपॉइंटमेंट लेटरवर. बहुतेक ठिकाणी "सर्व हक्क कंपनीचे" या एका ओळीत विषय संपतो. मग टूलरूमवाल्यांच्या त्या ऑपरेटरला शाल मिळते. त्याच्यामुळे वाचलेल्या रकमेचा ठरलेला टक्का द्यायला कुठला कायदा आडवा येतो? कुठलाच नाही. आराखड्यात घाला.

---

हिंजवडीचा_हमाल

शाल तरी मिळते. आम्हाला डिजिटल बॅज मिळतो.

---

पिंपरीचा_निवृत्त

सगळे परदेशात फिरून आलात, आता जरा घरी या. मी टेल्कोत (टाटा मोटर्सचं जुनं नाव) नव्हतो, सप्लायर बाजूला होतो, पण पिंपरीत आयुष्य गेलं त्यामुळे बरंच दिसायचं.

टाटा मोटर्सला २०००-०१ मध्ये ५०० कोटींचा तोटा झाला होता. ट्रकचा बाजार झोपलेला. त्या काळात छोट्या गाडीचं काम सुरू झालं ते म्हणजे एस, आपला छोटा हत्ती. गिरीश वाघ त्या कामाचे प्रमुख, तेव्हा तरुण होते. त्या टीमने सुरुवात ड्रॉइंग बोर्डावर केली नाही, तीनचाकी टेंपोवाल्यांना गाठून बोलत बसले. भाडं किती मिळतं, रस्ता कसला, माल काय, कशाने गाडी बंद पडते. त्यातनं कळलं की माणसाला टनेज नकोय, त्याला गल्लीत शिरणारी, हायवेला न घाबरणारी आणि चार चाकांची गाडी हवीय. चार चाकं का तर गावात मान मिळतो, सोयरीक जुळते. हा किस्सा तेव्हा फार गाजला होता.

आता इंजिनचं बघा. नवीन इंजिन करायचं तर पैसा आणि वर्षं. यांनी इंडिकाचं १४०५ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल घेतलं आणि त्याचं अर्धं केलं, दोन सिलिंडर, ७०२ सीसी, १६ हॉर्सपॉवर. पाऊण टन माल. मे २००५ मध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास किमतीला गाडी आली आणि पुढचं तुम्ही रोज मंडईत बघताच.

यात मला स्ट्रॅटेजी दिसते ती अशी की नवीन कुठे करायचं आणि जुनं कुठे वापरायचं हे त्यांचं पक्कं होतं. गिऱ्हाईक नवीन, इंजिन घरातलं. दोन्ही एकदम नवीन घेतलं असतं तर तोट्यातल्या कंपनीला झेपलं नसतं. आणि घरात ते इंजिन होतं कारण १९६६ मध्ये टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांनी पुण्यात इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर काढून ठेवलं होतं. ट्रकही धड मिळत नव्हते, नंबर लावून घ्यायला लागायचे, त्या काळात! तिथून इंडिका यायला १९९८ उजाडलं. असल्या गोष्टींचा आरओआय (गुंतवणुकीवरचा परतावा) कोण काढणार.

---

सणसणीत_शिवा

मग त्याच कंपनीत, त्याच वाघांच्या टीमने नॅनो केली, तिचं काय झालं? तिथे काय टेंपोवाल्यांना विचारलं नव्हतं का?

---

पिंपरीचा_निवृत्त

शिवा, प्रश्न रास्त आहे. एसमध्ये सुरुवात टेंपोवाल्याच्या अडचणीपासून झाली, नॅनोत सुरुवात आकड्यापासून. एक लाख. आकडा जगजाहीर झाला आणि मग सगळं त्याला बांधलं गेलं. इंजिनिअरिंग म्हणून ते काम थोर होतं, माझ्या ओळखीच्या सप्लायरांनी एकेका ब्रॅकेटचे ग्रॅम मोजलेत. पण स्कूटरवरून फिरणाऱ्या कुटुंबाला "सगळ्यात स्वस्त" म्हणून ओळखली जाणारी गाडी दारात उभी करायची नव्हती. खुद्द रतन टाटांनीच पुढे म्हटलंय की स्वस्त गाडी म्हणून तिचा जो गाजावाजा झाला तो चुकला.

---

सणसणीत_शिवा

पटत नाही पूर्ण. सिंगूरच्या कारखान्याच्या जमिनीवरून झालेलं आंदोलन विसरताय तुम्ही. जानेवारी २००८ ला गाडी दाखवली, ऑक्टोबरात बंगालमधून गाशा गुंडाळावा लागला, साणंदला नवा कारखाना, तो २०१० मध्ये सुरू. तोपर्यंत हवा गेली, आणि गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या त्या वेगळ्याच. वर्षाला अडीच लाखांची क्षमता उभी केली आणि सगळ्यात चांगल्या वर्षीही पाऊण लाखाच्या आतच विकल्या. २०१८ मध्ये बंद. माझ्या मते आयडियेत खोट नव्हती, विकेपर्यंत खूप वेळ गेला. आणि बंद करायला तर त्याहून वेळ लागला, कारण ती साहेबांची आवडती होती. धागाकर्त्याने विचारलंय ना बंद कोण करतं? मालकाचा लाडका प्रोजेक्ट कोणीच बंद करत नाही. हे लिहा आराखड्यात!

---

चाकणचा_पाहुणा

हे लिहिलं तर आराखड्याऐवजी राजीनामा द्यावा लागेल :)

पण खरंच, सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी आजच मनात पक्क्या झाल्या, बजेट हेड वेगळं आणि पेटी गौण. धाकट्या साहेबांशी थोडं बोललो. ते म्हणाले की ईव्हीसाठी वेगळी कंपनीच काढावी का? बजाज, टाटा सगळ्यांनी काढली. यावर कोणाचं काय मत?

---

आकुर्डी_एक्सप्रेस

बजाजवर मी बोलणार, जन्म आकुर्डीतला.

राजीव बजाज यांचं एक बघा, त्यांनी काय करायचं नाही हे आधी ठरवलं. २००१ च्या नोव्हेंबरात पल्सर आली, चाकणला बनायची, त्याआधी कंपनी म्हणजे स्कूटरवाली. २००३ ला डीटीएसआय आलं, एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. आणि २००९ च्या डिसेंबरात सांगून टाकलं की स्कूटर बंद, आम्ही मोटरसायकलवालेच. हमारा बजाजवाली स्कूटर! राजीव यांचे वडील राहुलजींनी उघड बोलून दाखवलं होतं की वाईट वाटतंय. घरातल्या जेवणाच्या टेबलावरची ही चर्चा कशी झाली असेल राव.

आता गंमत अशी की तोवर अ‍ॅक्टिव्हा बाजारात येऊन बरीच वर्षं झाली होती आणि पुढची दहा वर्षं गिअरलेस स्कूटरने धुमाकूळ घातला. म्हणजे निर्णय चुकला म्हणणारेही खूप. मला स्वतःला वाटतं की त्या वेळी एकाच टीमने दोन्ही केलं असतं तर पल्सर इतकी पुढे गेली नसती. आणि केटीएम या ऑस्ट्रियाच्या मोटरसायकल कंपनीत २००७ मध्ये साडेचौदा टक्के भागीदारी घेतली तीही याच हिशेबात, मोटरसायकल आणि जगभर.

मग जानेवारी २०२० मध्ये चेतक परत आली, इलेक्ट्रिक होऊन. २०२१ मध्ये त्यासाठी चेतक टेक्नॉलॉजी ही वेगळी उपकंपनी काढली आणि आकुर्डीच्याच जुन्या जागेत प्लांट. टाटांनी त्याच वर्षी ईव्ही गाड्यांसाठी वेगळी कंपनी केली आणि टीपीजी या अमेरिकन गुंतवणूक कंपनीने तिच्यात ७५०० कोटी टाकायचं कबूल केलं. पण लक्षात घ्या, नेक्सॉन ईव्ही त्याआधीच, २०२० च्या सुरुवातीला, जुन्याच गाडीच्या अंगावर इलेक्ट्रिक बसवून आली होती. आधी गाडी विकून बघितली, मग कंपनी वेगळी केली. तुमच्याकडे अजून एक ईव्ही पार्ट नाहीये आणि कंपनी कसली काढताय?

---

अनुजा_नागोया

इथे टोयोटाच्या गावात राहते (टोयोटात नाही, एका सप्लायरकडे), म्हणून पेटीची बाजू थोडी घेते, सगळे तिच्यावर तुटून पडलेत.

टोयोटाने सूचना योजना १९५१ मध्ये सुरू केली, फोर्डचा कारखाना बघून आल्यावर तिथली कल्पना उचलून. ती अजून चालू आहे आणि नीट चालते, कारण प्रत्येक सूचनेला उत्तर येतं, तेही आपल्या सुपरवायझरकडून, लवकर. नाही म्हणायचं तर का नाही तेही सांगतात. तुमच्या पेटीची चावी कोणाकडे आहे आणि ती शेवटची कधी उघडली?

पण प्रियस ही त्यांची हायब्रिड गाडी पेटीतून आली नाही. १९९३ च्या सुमारास वरच्यांनीच एक टीम बसवली, एकविसाव्या शतकाची गाडी करा म्हणून, आणि १९९४ ला उचियामादांना चीफ इंजिनिअर केलं. ते आवाज आणि कंपनं कमी करण्यातले, आख्खी गाडी पूर्वी कधीच केली नव्हती. आधी ५० टक्के मायलेज वाढवा म्हणाले, मग म्हणाले दुप्पट करा. म्हणजे जे हाताशी होतं त्याने जमणारच नाही असं काम दिलं. सगळ्या खात्यांची माणसं एका मोठ्या खोलीत बसवली, भिंतीवर सगळं लावलेलं, निर्णय तिथल्या तिथे. डिसेंबर १९९७ ला गाडी रस्त्यावर.

पेटीवाली सुधारणा आणि खोलीवालं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, माणसं वेगळी, पैसा वेगळा, तपासणीची पद्धत वेगळी. आपल्याकडे दोन्ही एकाच मीटिंगमध्ये, गुरुवारी चार वाजता.

---

कॉपीपेस्ट_गुरू

कोडॅकचं उदाहरण कोणीच कसं दिलं नाही? १९७५ ला डिजिटल कॅमेरा त्यांनीच बनवला आणि

---

हिंजवडीचा_हमाल

आला कोडॅक. मी वाटच बघत होतो. यानंतर नोकिया.

---

मृण्मयी_क

असू दे रे, बिचाऱ्याचं वाक्य तरी पूर्ण होऊ दे. पण कोडॅकपेक्षा फुजीफिल्म वाचावं माणसाने. फिल्म संपणार हे दोघांनाही कळलं होतं. फुजीने बसून आपल्याला येतं काय याची यादी केली. फिल्ममध्ये कोलॅजन असतं, रंग उडू नये म्हणून अँटिऑक्सिडंट लागतात, अतिपातळ थर द्यायचं तंत्र असतं. त्यातून एलसीडीला लागणारी फिल्म, औषधं, आणि २००७ मध्ये चक्क चेहऱ्याला लावायची क्रीम.

---

हडपसरची_सून

हेच लिहायला आले होते, फक्त आपल्या पुण्यातलं.

हडपसरला टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र १९८१ मध्ये सुरू झालं, टीसीएसशी जोडलेलं. सॉफ्टवेअरवाल्यांच्या संस्थेत मटेरियल सायन्सवाले काय करत होते असं कोणीही विचारेल. तर ते भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळायचा फिल्टर करत होते. सुजल नावाने तो बरीच वर्षं नुसताच सामाजिक काम म्हणून फिरत राहिला, २००४ च्या त्सुनामीनंतरही वाटला गेला. धंदा व्हायला त्याला दुसऱ्या कंपनीचा हात लागला. टाटा केमिकल्सने हातात घेतलं, राखेवर चांदीचे नॅनोकण आले, टायटनची मंडळी बनवण्याच्या बाजूला मदतीला आली आणि डिसेंबर २००९ मध्ये टाटा स्वच्छ आलं, ७४९ आणि ९९९ रुपयांत, वीज नको नळ नको.

मोठ्या ग्रुपचा फायदा हा. एका लॅबचं दुसऱ्या कंपनीला लागतं, पण ते एकमेकांना दाखवायची जागा लागते. त्यांच्याकडे इनोव्हिस्टा म्हणून दरवर्षीची स्पर्धा आहे, त्यात "डेअर टू ट्राय" हे बक्षीस फसलेल्या कामाला देतात. सुरुवातीला ऐकून हसले होते मी. पण फसलेलं काम सगळ्यांसमोर मांडलं की निदान दुसऱ्या कंपनीतला कोणी तेच परत करत नाही.

---

टूलरूमवाला

फुजीसारखी यादी आपल्यालाही करता येते की. पाहुणे, गिअर करता ना? हॉबिंग करून शेव्हिंग करत असाल, म्हणजे दात पाडून मग तासून घेणं.

ईव्हीला गिअर लागत नाहीत हा अर्धा खोटा प्रचार आहे. गिअरबॉक्स जातो पण रिडक्शन गिअर (मोटरचा वेग कमी करून चाकाला देणारा) राहतो, आणि मोटर फिरते इंजिनच्या कितीतरी पट वेगाने. वर इंजिनचा आवाजच नाही, त्यामुळे गिअरची शिट्टी थेट ड्रायव्हरच्या कानात. जो गिअर डिझेलमध्ये वर्षानुवर्षं खपला तो ईव्हीत ओरडतो. म्हणून तिथे हीट ट्रीटमेंटनंतर प्रोफाइल ग्राइंडिंग (दातांचा आकार घासून अचूक करणं) लागतं आणि दातांचा पृष्ठभाग मायक्रॉनात मोजायला लागतो. तुम्हाला गिअर येतात, हीट ट्रीटमेंटनंतर गिअर किती वाकतो ते येतं, ग्राइंडिंग येत नाही. एवढाच खड्डा आहे तो. इंजिनचे बाकीचे पार्ट मात्र खरंच जातील, त्याला उपाय नाही, आणि धाकट्या साहेबांनी त्या लाइनवर नवीन मशीन घेणं आजपासून थांबवावं.

---

मृण्मयी_क

टूलरूमवाले, तुम्ही एका परिच्छेदात तो आख्खा पीपीटी केलात.

पाहुणे, मी असते तर असं मांडलं असतं. पेटी राहू दे, पण ती प्लांट हेडकडे द्या आणि आठ दिवसांत उत्तर बंधनकारक करा, वाचलेल्या पैशातला टक्का ठरवा. तिचा तुमच्या सेलशी संबंध तोडा. सेल पाच जणांचा अर्धवेळ नको, दोन जणांचा पूर्णवेळ हवा, आणि त्यातला एक तुमचा सगळ्यात चांगला हवा. जो लाइनवरून काढला तर प्लांट हेड भांडायला येईल असा. भांडायला आलाच नाही तर समजा माणूस चुकीचा निवडलाय.

मग ग्राइंडिंगचं. मशीन लगेच विकत घेऊ नका, ते महाग असतं. आधी सॅम्पल बाहेरून ग्राइंड करून घ्या, एका कस्टमरला द्या, त्यांच्या रिगवर आवाज मोजू द्या. पैसे टप्प्याटप्प्याने सोडा, आणि प्रत्येक टप्प्याला आधीच लिहून ठेवा की काय दिसलं नाही तर थांबायचं. कागदावर, सहीनिशी, काम सुरू व्हायच्या आधी. नंतर लिहायला गेलात की सगळ्यांना त्या प्रोजेक्टचा लळा लागलेला असतो. सही साहेबांची घ्या, म्हणजे शिवांच्या लाडक्या प्रोजेक्टवाल्या मुद्द्यालाही थोडा चाप.

---

लेखापाल_नाना

आणि थोरल्या साहेबांना आधी विश्वासात घ्या. चेकवर अजून सही त्यांचीच असणार.

---

चाकणचा_पाहुणा

नाना, तुम्ही आमच्या कंपनीचे ऑडिटर तर नाही ना?

अपडेट देतो. धाकट्या साहेबांसमोर मांडलं. वेगळ्या कंपनीचा विषय मागे पडलाय. पेटी प्लांट हेडकडे गेली, ते वैतागलेत. दोन पूर्णवेळ माणसांपैकी एक मिळाला, दुसऱ्यावर भांडण चालू आहे, म्हणजे मृण्मयीताईंच्या हिशेबाने माणूस बरोबर निवडलाय. थांबायच्या अटींवर सही करायला साहेब आधी बिचकले, म्हणाले असं आधीच हरायचं का लिहायचं. मग थोरले साहेब बसले होते ते म्हणाले, "मी भोसरीत पहिला लेथ घेतला तेव्हा सावकाराने असंच लिहून घेतलं होतं." त्यावर सही झाली.

केआरएतल्या १२ आयडिया अजून तशाच आहेत, एचआरने सांगितलं की सिस्टिम एप्रिललाच उघडते.

आता एक विचारायचं होतं, पुणे-पिंपरी भागात जॉबवर्कला प्रोफाइल ग्राइंडिंग चांगलं करून देणारं कोणी माहितीये का? लहान लॉट, पण रिपोर्टसकट हवं.

---

टूलरूमवाला

विपूत (तुमच्या विचारपूस पानावर) लिहितो. मॉड्यूल (दाताचं माप) आणि दातांची संख्या कळवा, आणि हीट ट्रीटमेंटनंतर घासायला किती स्टॉक (जादा धातू) ठेवताय तेही. तिथेच सगळे फसतात.